चार हातांची बाई

आमचा नागावातला होमस्टे शनिवार-रविवार भरलेला असतो. सोमवारी दुपारी पाहुण्यांची शेवटची गाडी वाडीबाहेर गेली, की चादरी भिजत घालायच्या आणि घरच्यांनी जेवणाच्या टेबलावर फासे काढायचे. हे खूळ धाकट्या दिराचं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, दीर गोष्ट पुढे नेणार, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार.

मी चार हातांची बाई घेतली. नवरा म्हणाला, "देवीच की!" मी म्हटलं, देवीला कुणी पातेलं धरायला सांगत नाही.

मला एका फेरीत जास्तीत जास्त वार हवे होते, बाकी काही नको. पण दिराचे नियम किचकट. नुसते हात असून भागत नाही, प्रत्येक हातात हत्यार लागतं. शिवाय पहिल्या हातानंतरचे वार हुकायची शक्यता जास्त. हत्यार हलकं असेल तर थोडी सूट. म्हणून तलवारींवर पाणी सोडलं आणि चार छोटे कोयते घेतले. मासळी साफ करताना, खोल्या झाडताना डोक्यात हीच जुळवाजुळव चालायची. एरवी मला कुणाला चारदा हाणायला मिळणार होतं?

त्या सोमवारी गुहेतल्या राक्षसाशी गाठ होती. गुहेच्या तोंडाशीच नवरा म्हणाला, "मशाल तू धर, मला धनुष्याला दोन्ही हात लागतात."

नणंद जादूगारीण झाली होती. ती म्हणाली, "वहिनी, माझी पोथी घे ना. तुला काय, हात आहेत." मग दोरही माझ्याकडेच आला. मी धरत गेले. नाही म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. कोयते कमरेला गेले.

राक्षस आला. दीर म्हणाला, "वहिनी, तुझी पाळी. हात एकच मोकळा आहे, म्हणजे वार एक."

माझं डोकंच फिरलं. "टाकलं सगळं खाली," मी म्हटलं. "मशाल, पोथी, दोर. आता चारही कोयते."

"अगं, अंधार होईल!" नवरा ओरडला. "मला दिसणार कसं?"

"नाही दिसलं तर बस तसाच."

अंधाराबद्दल दिरानं प्रत्येक फाशावरचे आणखी गुण कापले. मी चार फासे टाकले. चारही वार हुकले. मला भयंकर राग आला, राक्षसाचा नव्हे, या तिघांचा. नवरा म्हणाला, "मी धनुष्य ठेवतो. मशाल मी उचलतो. तू मार."

लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण मला एकदम इतका थकवा आला, की समोरचा फासा उचलायलाही हात उठेना.