गाडीचं पहिलं फुकट सर्व्हिसिंग

गाडीसाठी नंबर लावला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. गाडी दारात आली तेव्हा खिशात नुसता कंगवा उरला होता. ऐंशीच्या दशकात ती नवी छोटी गाडी मिळवायची म्हणजे एवढा वेळ जायचाच. बोरिवलीला आमच्या सोसायटीत ती शिरली त्या दिवशी बघायला इतकी गर्दी झाली, की फाटकापाशी तीन भेळवाल्यांनी गाड्या लावल्या. बायको म्हणते एकच होता, आणि तो रोजचाच होता. असेल.

पहिला महिना मी ती गाडी चालवली कमी आणि पुसली जास्त. तरी सासुरवाडीला मुलुंडला आठ फेऱ्या झाल्या, मालाडला मेव्हणीकडे उगाचच दोन झाल्या, आणि काटा पाचशेवर आला. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तीन कुपनं होती. पहिल्यावर लिहिलं होतं : पाचशे किलोमीटर, सर्व्हिसिंग मोफत. फक्त कंपनीच्या डीलरकडे. डीलर अंधेरीला.

मी ही बातमी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्राला सांगितली आणि तिथेच घोळ झाला. त्याच्याकडे पंधरा वर्षं एक जुनी अवजड गाडी होती. त्यातली दहा वर्षं त्याने ती ढकलली होती, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"वेडा आहेस का रे तू? गाडी सोडून बसणार?"

"म्हणजे?"

"अरे, तिकडे आत जाऊ देत नाहीत. काचेच्या बाहेर बसवतात, पाहुण्यासारखं. आणि आत काय चाललंय तुला कळणार आहे का? नवीन पार्ट काढायचा, जुना घालायचा. वाट लागली ना गाडीची!"

आता आमची रीत सांगतो. आमच्याकडे गॅरेजवाला गाडीखाली झोपायचा आणि मालक शेजारी उपड्या बादलीवर बसायचा. दिवसभर. त्याने काढलेला प्रत्येक नट मालकाने डोळ्यांनी मोजायचा, मधून मधून चुकीचे सल्ले द्यायचे, चहा मागवायचा. विश्वास वगैरे भानगड नव्हती, पण संबंध फार प्रेमाचे असायचे. त्या बादलीवरून उठून काचेबाहेर बसायचं म्हणजे बायकोला पहिल्यांदा माहेरी सोडून येण्यासारखं होतं.

"मग करू काय?"

"खूण कर. एकूण एक पार्टवर. संध्याकाळी ताडून बघ."

रविवारी दुपारी मी बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन खाली उतरलो. लालभडक. बॅटरीवर ठिपका, प्लगवर ठिपका, फिल्टरच्या बुडाला ठिपका, चाकांच्या नटांवर, इंजिनाच्या बोल्टांवर, जॅकवर, पान्यावर. हात बसल्यावर मी थांबेना. शेवटी बायको खाली आली.

"अहो, बाटली संपवलीत?"

"गाडीसाठी गं."

"मग मलाही एक ठिपका लावा आणि पाठवा डीलरकडे. बदलून मिळतं का बघते काही!"

सोमवारी सकाळी साडेआठला मी अंधेरीत हजर. फाटक नऊला उघडायचं होतं, म्हणून समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. शेजारी निळ्या डगल्यातला एक पंचेचाळिशीचा माणूस बशीतून चहा पीत होता. डगल्याला इस्त्री इतकी कडक, की तिच्या धारेवर दाढी झाली असती. माझ्या बोलण्यात त्याला कोकण ऐकू आलं असावं.

"गाव खंयचा?"

मी सांगितलं. त्याचं गाव पलीकडच्याच खाडीवर निघालं. मग काय, दोन मिनिटांत आम्ही नातेवाईक झालो. वीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त करणारा फिटर होता तो. गिरणी बंद पडली. वर्षभर मिळेल ते केलं, आणि आता समोरच्या डीलरकडे गाड्यांचं काम शिकत होता.

"आज माझे सहा म्हयने पुरे होतत," तो म्हणाला. "सायब आज माझा काम बघतलो आणि सांजेक सही करतलो. नाय केल्यान तर उद्यापासून घराक."

"करील हो. का नाही करणार?"

"ह्या वयात पोरांकडसून शिकतंय मी. काका म्हणतत आणि हसतत." मग स्वतःच हसला. "हसूंदेत. सही होवंदे."

फाटक उघडलं. टेबलामागे तिशीचा सुपरवायझर, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. त्याने एक कागद पुढे ओढला.

"तक्रार?"

"काही नाही. झकास चालते."

"ठीक. ऑइल बदलणार, फिल्टर बदलणार, सगळे नट-बोल्ट आवळणार, ब्रेक बघणार, धुऊन देणार. चार वाजता."

तक्रार नसताना यंत्र दाखवायला न्यायचं, हे मला अजून पचत नव्हतं. आमच्या घराण्यात माणूससुद्धा बेशुद्ध पडल्याशिवाय डॉक्टरकडे नेत नाहीत.

"मी थांबतो," म्हटलं.

"थांबा. आत मात्र यायचं नाही."

थांबायच्या खोलीत गार वारा, मऊ सोफा आणि वर्कशॉपकडे भिंतभर काच. त्या सोफ्यावर मी एकदाही बसलो नाही. नाक काचेला लावून असा उभा राहिलो, की तिथे माझ्या नाकाचा ठसा अजूनही असेल. सकाळी एका पोरसवदा मेकॅनिकने ऑइल आणि फिल्टर बदलला. जुना फिल्टर त्याने पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवला, मालकाला दाखवायला. हे मित्राने सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर गाडी पुढच्या जागेवर गेली आणि बोल्ट आवळायला आला तो माझा गाववाला. मी काचेवर टकटक केलं. त्याने हात केला.

मग त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला, चारही चाकांना फेरी मारली, मान डोलावली आणि बॉनेट बंद केलं. पाना हातात होता, तो लागलाच नाही कुठे. मी म्हटलं, बघा! आपलाच माणूस आणि दोन मिनिटांत काम उरकतोय!

तेवढ्यात माझं लक्ष शेजारच्या गाडीकडे गेलं. तिथला मेकॅनिक एक बोल्ट आवळायचा आणि ब्रशने त्यावर छोटासा ठिपका द्यायचा. दुसरा आवळायचा, ठिपका. म्हणजे हा झाला, बघायला नको.

ठिपक्याचा रंग लाल होता.

मी दार किलकिलं करेपर्यंत सुपरवायझर गाडीपाशी पोचला होता. त्याने पुढच्या चाकाच्या नटाला पाना लावला आणि नट पाव फेरा फिरला. दुसराही फिरला.

"काका, ठिपका म्हणजे काय? पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

"साहेब, ठिपके आधीच होते. मला वाटलं, सकाळीच आवळून झालेत."

"मी फक्त ऑइल केलं," सकाळचा पोरगा म्हणाला. "ठिपका नाही लावला."

"मग गाडीने लावून घेतले का? रस्त्यात चाक सुटलं म्हणजे? बोल्ट सैल राहिला असता तर मी ओरडलो असतो आणि सोडून दिलं असतं. न आवळता ठिपका? आणि आज मी सही करायची?"

गाववाल्याने हातातला पाना फडक्याने पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

मी दार ढकलून आत घुसलो. दुसऱ्याच पावलाला ऑइलवरून जो घसरलो तो थेट सुपरवायझरच्या पायापाशी. तिथूनच म्हणालो, "ठिपके माझे आहेत!"

"तुमचे?"

"म्हणजे... पूजेचे. कुंकू. नवी गाडी ना."

सुपरवायझरने वाकून एक ठिपका नखाने खरवडला, नाकाशी नेला. मग सकाळच्या पोरग्याला विचारलं, "फिल्टरवर होता का?"

"होता. बुडाला."

"फिल्टरच्या बुडाची पूजा?" सुपरवायझर माझ्याकडे वळला.

माझ्याकडे अजून पाच-सहा कहाण्या तयार होत्या, एकाहून एक सरस. पण गाववाला माझ्याकडे बघत होता.

"बायकोचं नेलपॉलिश आहे," मी म्हणालो. "तुम्ही पार्ट बदलाल म्हणून खुणा केल्या. मला मित्राने तसं सांगितलं होतं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सकाळच्या पोरग्याने मागच्या सीटवरून पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. जुना फिल्टर, बुडाला ठिपका. ताडून बघा, असं तो म्हणालासुद्धा नाही.

सुपरवायझरने थिनरचा डबा आणि फडकं माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही लावलेत, तुम्हीच पुसा. काका, चूक तुमचीही आहे. ठिपका बघून सोडायचं नाही, पाना लावून बघायचं. सगळे बोल्ट परत, माझ्यासमोर."

दीड तास मी पुसत गेलो आणि मागून तो आवळत आला. किती ठिपके लावले होते देव जाणे, मला तर हजार वाटले. सगळं झालं, यादी संपली. त्याने इंजिन सुरू केलं आणि बॉनेटच्या कडेवर तळवा ठेवून उभा राहिला. मग इंजिन बंद करून खाली शिरला आणि कुठलासा एक नट आवळून बाहेर आला.

"तो यादीत नाही," सुपरवायझर म्हणाला.

"नाही साहेब. पण सैल होता."

"कसं कळलं?"

"हाताला कळलं. सैल झाला की माग असाच थरथरतो."

सुपरवायझर स्वतः गाडीखाली शिरला, पांढऱ्या शर्टासकट. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि काकांच्या नोकरीचा कागद बॉनेटवर ठेवून, सही करून त्यांच्या हातात दिला. "ट्रायल घ्या आणि तसेच घरी जा काका," एवढंच म्हणाला.

ट्रायल म्हणून आम्ही जोगेश्वरीपर्यंत आलो. मी माफी मागायला लागलो, तर तो म्हणाला, "गिरणीत आमकाय फाटकार झडती द्यावी लागा. रोज. सवय आसा." मग त्याची गल्ली आली. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल, एवढी अरुंद. मी तोंडाशी थांबलो.

"आत घेवा," तो म्हणाला. "दारापर्यंत."

आरसे मिटून मी गाडी आत घातली. दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे काचांवरून घसरत गेले. त्याने एका निळ्या दाराकडे बोट केलं.

"हॉर्न मारा."

"एकदा?"

"मारा ओ, मारा!"

मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. पार मनोरीच्या खाडीतल्या होड्यांवर माणसं दचकून उठली असतील. निळं दार उघडलं, ओले हात पदराला पुसत त्याची बायको बाहेर आली, आणि तो सीटवरून न उतरता नुसता कागद खिडकीबाहेर धरून बसला.