हिरव्या पट्ट्यातला एक गुंठा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शहराचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात आरेखक म्हणून लागलो. शहराने पुढची वीस वर्षं कुठे वाढायचं, ते आम्ही कागदावर ठरवायचो. खरं तर साहेब लोक ठरवायचे, मी रंग भरायचो. राहण्याच्या जागेला पिवळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. पिवळ्यात घर बांधायला परवानगी मिळते, हिरव्यात मिळत नाही.

माझी मोठी बहीण तेव्हा सातपूरला भाड्याच्या खोलीत राहायची. दाजी तिथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. मूळचे दिंडोरीकडचे, हाताने अगदी नेमके आणि बोलायला भिडस्त. अकरा महिने झाले की घरमालक खोली रिकामी करायला सांगायचा, मग गादी, कपाट आणि शिवणयंत्र टेम्पोत घालून पुढची गल्ली. माझ्या भाचीने चौथीपर्यंत तीन शाळा बघितल्या. चौथ्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "कुठून आलीस?" तर ती म्हणाली, "सगळीकडून."

सातपूरच्या मागच्या अंगाला एक शेतकरी आपला मळा गुंठ्या-गुंठ्याने विकत होता. मळा हिरव्या पट्ट्यात होता. कायदेशीर पिवळ्या जमिनीत एवढा लहान प्लॉट मिळायचाच नाही, कारण तसा तुकडा पाडायला नियमाने बंदी होती. मोठा प्लॉट घ्यायची कामगाराची ऐपत नव्हती, आणि लहान प्लॉट कायद्यात बसत नव्हता. दाजींनी मला मळा दाखवायला नेलं. कोथिंबिरीचे वाफे नुकतेच उपटलेले होते, सगळीकडे तिचा वास होता.

"पाव्हणं, तुम्ही नकाशाचं काम करता," ते म्हणाले. "हे पिवळं होईल का?"

नवीन आराखड्याचा मसुदा माझ्याच टेबलावर होता. त्यात तो पट्टा पिवळा होता. मी म्हणालो, "होईल."

माझा हा एक शब्द ऐकून त्यांनी जागा घेतली.

दोन खोल्या उठल्या, वर पत्रे. दाजींनी दाराचा कोयंडा स्वतः लेथवर घडवला. ताईने मागे कढीपत्ता आणि शेवगा लावला. शेजारीही सगळे कारखान्यातलेच, कुणी फिटर, कुणी वेल्डर. दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्यांच्या सायकली वाजल्या की बायका चहा टाकायच्या. ताई तिथे गेल्यावर तिचा आवाज मोठा झाला. भाड्याच्या खोलीत ती कायम दबक्या आवाजात बोलायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या. मी धीर करून साहेबांना एक टिपण लिहून दिलं: कारखान्यांच्या जवळ लहान प्लॉटना परवानगी द्यावी, त्यांवर एक मजला जास्त बांधू द्यावा म्हणजे मालकाला एक खोली भाड्याने देता येईल, आणि मळ्यांचा तो पट्टा मसुद्यातल्यासारखा पिवळाच ठेवावा. साहेब सज्जन होते. त्यांनी टिपण दोनदा वाचलं.

"तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण लहान प्लॉट म्हटलं की लोकांना झोपडपट्टीच दिसते. बघा सुनावणीत काय होतं ते."

सुनावणीला गंगापूर रोडकडचे बंगलेवाले वकील घेऊन आले होते. शहराच्या कडेची हिरवळ गेली तर हवा बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. दाजी पहिली पाळी करून कारखान्याच्या कपड्यांतच आले होते. नाव पुकारल्यावर उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, आमी तुमाला कारखान्यात चालतो. रस्त्यावर चालतो. राहायला कुठं जायचं तेवढं सांगा." आणि खाली बसले. कारकुनाने ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

अंतिम आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा रंग भरायचं काम माझ्याकडेच आलं. मळ्याचा गट नंबर मला पाठ होता. तो हिरवाच राहिला होता. मी ब्रश बुडवला आणि हिरवा रंग भरला. दुसरं काही करता आलं नसतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ताईला सांगायला मी तीन आठवडे लावले, त्याला मात्र काही सबब नाही.

दाजींनी ऐकून घेतलं. "रंग तुम्हीच भरला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते उठून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला.

वर्षाच्या आत नोटिसा लागल्या. पाडण्याच्या दिवशी हद्द दाखवायला नकाशा घेऊन मी जागेवर यावं, असा निरोप होता. मी आजारपणाची रजा टाकली आणि घरी बसून राहिलो. दुपारनंतर राहवेना म्हणून गेलो. पत्रे एकावर एक रचून ठेवले होते. शेवगा आडवा पडला होता. ताई विटांच्या ढिगावर बसून भाचीची वेणी घालत होती.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू आला असतास तर निदान देव काढेपर्यंत तरी त्यांना थांबवलं असतंस."

पुढच्या दोन वर्षांत दाजींचा कारखानाही बंद पडला. ती मंडळी गावी गेली. टर्नरचे हात द्राक्षाच्या बागेत डिपिंग करायला, म्हणजे घड औषधात बुडवायला लागले, तेही दुसऱ्याच्या बागेत. भाचीचं शिक्षण दहावीत थांबलं.

दोन हजारनंतर गुंठेवारीतली घरं नियमित करायचा कायदा आला. पाडापाडीतून वाचलेल्या शेजाऱ्यांना कागद मिळाले. ताईची जागा तिच्याकडे होती, पण घरच उरलं नव्हतं, तेव्हा नियमित करणार काय? पुढे आराखडा पुन्हा तपासायला घेतला, तेव्हा मी जुनं टिपण नव्याने लिहिलं, या वेळी नकाशे जोडून आणि एकेक घर मोजून. नवे साहेब मला कंटाळले, तरी मी सोडलं नाही. अखेर तो पट्टा पिवळा झाला. लहान प्लॉटलाही परवानगी मिळाली. आता तिथे रीतसर मंजुरीने कामगारांची घरं उभी राहू लागली.

मी ताईच्या गुंठ्यावर बसेल असा घराचा नकाशा काढला आणि गावी घेऊन गेलो. दाजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, प्रत्येक रेघेवरून बोट फिरवलं, जिन्याची पायरी किती उंच ठेवली ते विचारलं. माप बरोबर आहे म्हणाले. मग कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"लय चांगलं काढलंय, पाव्हणं. पण आता आमच्यानं नाय व्हायचं."

त्याच उन्हाळ्यात ते गेले.

ताईने जागा एका जोडप्याला विकली. दोघंही सातपूरला कामाला होते, भाड्याच्या खोल्या बदलून दमलेले. त्यांनी घर बांधलं आणि वास्तुशांतीला ताईला मानाने बोलावलं. ती आली, नारळ दिला, पंगतीत जेवली. त्यांनी सगळं घर फिरून दाखवलं, तिने सगळं बघितलं.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही स्टँडवर उभे होतो. ती म्हणाली, "स्वयंपाकघराला खिडकी मोठी ठेवली त्यांनी. बरं केलं."

मी हो म्हणालो. दिंडोरीची बस लागली. मी तिची पिशवी आत दिली, ती खिडकीशी बसली आणि पदराने चेहरा झाकून घेतला. बस सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. तिने पदर काढला नाही.