एकजण थांबा, बाकीचे बाहेर!

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी चहाची टपरी टाका, किस्से शोधत फिरावं लागत नाही. उष्ट्या कपांसारखे आपोआप साचतात. मी चौथी नापास, नटवून सांगणं जमत नाही. आमच्या डहाणू-तलासरीकडच्या सिस्टर लोकांचं 'मानसिक आरोग्य' बघायला हल्ली मोठमोठी माणसं येतात. बघतात, माझा चहा ढोसतात, जातात.

*

बोर्डीची हेमा सिस्टर. ड्युटीवर ड्युटी करून डोळे खोल गेलेले. धाकट्या भावाचं लग्न, एक दिवस रजा हवी.

"काका, ह्या वेळी रजा नाही मिळाली तर नोकरीच सोडते!"

गेली मोठ्या डॉक्टरकडे. तो गोड हसला. "घ्या की! फक्त बदली माणूस द्या."

"कुठून देऊ सर? वाडीतल्या चिकूच्या झाडाला युनिफॉर्म घालून उभं करू?"

रजा नामंजूर!

*

नातेवाईक नावाचा प्राणी तर विचारू नका. एकजण ताडावरून पडला, पाय मोडला. मागून जीपभर पाडा आला आणि थेट वॉर्डात घुसला.

हेमा खेकसली, "पेशंटपाशी एकजण थांबा, बाकीचे बाहेर!"

हलतोय कोण! खाटेवर मांडी ठोकून बसलेली म्हातारी उलट तिलाच म्हणते, "ए बाय, वरडू नको. पेशंटला तरास होतो!"

'एकजण थांबा, बाकीचे बाहेर' हे हेमा दिवसभर ओरडायची. टपरीवर बसून मला पाठ झालं, पण वॉर्डात कधी कुणी उठलेलं बघितलं नाही.

*

मग मुंबईहून एक साहेब आला, सिस्टरांचा ताण घालवायला. त्यासाठी ड्युटी संपवून घरी निघालेल्यांनाच अडवून बसवलं! काय ही अक्कल!

"डोळे मिटा. समुद्र बघा. मोठा श्वास घ्या."

मिटले. थोड्या वेळाने साहेब म्हणाला, "आता डोळे उघडा."

एकीनेही उघडले नाहीत. हेमा तर चक्क घोरत होती.

साहेब खूश! मी चहा घेऊन गेलेलो, माझ्या कानात म्हणतो, "ऐका, कसा ओंकार लागलाय!"

*

नर्स दिनाला पुढारी आला. प्रत्येकीला एक गुलाब, तोही सुकलेला. भाषण ठोकलं, "तुम्ही सिस्टर नाही, साक्षात देवी आहात!"

हेमा उभी राहिली. "साहेब, देवीलासुद्धा दसऱ्याला सोडतात. मला भावाच्या लग्नाला तरी सोडा!"

पुढाऱ्याने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने गुलाबाकडे बघितलं. रजा मंजूर! बदली माणूस कुठून उगवला, देव जाणे.

*

लग्नाला मीही गेलो. मांडव म्हणजे नुसता कोंडवाडा. अंतरपाट दूर झाला आणि सगळे नवरानवरीच्या अंगावर. मावश्या, आत्या, व्हिडिओवाला, मोबाईल उंच धरलेली कार्टी. नवरा घामाने निथळतोय, श्वास घ्यायला जागा नाही.

आणि हेमाचा आवाज फुटला.

"पेशंटपाशी एकजण थांबा! बाकीचे बाहेर!"

बँड बंद.

मग पहिली रांग उठली. मागची उठली. माणसं खाली माना घालून चपला शोधायला लागली. व्हिडिओवाला गेला. भटजींनी पोथी काखेत मारली आणि तेही निघाले.

रिकाम्या मांडवात नवरीने मुंडावळ्या बाजूला केल्या आणि हळूच विचारलं, "ताई... मी थांबू ना?"