लुडबुड्याचा खिसा

कात्रीमावशीच्या दुकानात रडत आलेलं पोर रडत बाहेर जात नाही, अशी तिची ख्याती आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन आरसे, वरखाली होणाऱ्या खुर्च्या, आणि खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची एक फळी, म्हणजे लहानग्यांचं डोकं तिच्या हाताला येतं. पोरानं भोकाड पसरलं की मावशी दातांच्या फटीतून शीळ घालते, मधेच तुटणारी आणि पुन्हा लागणारी. पोर आ वासून बघत राहतं आणि तेवढ्यात कानामागचे केस उतरलेले असतात. सोबत आलेला एखादा बाप म्हणतो, "अहो, आमच्या लहानपणी टीव्हीवर तो लुडबुड्या होता ना, तो अगदी अशीच शीळ घालायचा." मावशी "हो का?" म्हणते आणि कंगवा पाण्यात बुडवते.

ताकास तूर लागू न देणं ती लहानपणीच शिकली. कारण तो लुडबुड्या म्हणजे हीच.

त्याचं असं झालं. तिची आई स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सात वर्षांची पोर शिलाई मशीनच्या पायाशी बसून बटणं निवडत असे. कंबरेपर्यंत दोन वेण्या, आणि पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आजोबा आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या भानगडीत नाक खुपसणारा त्याचा नातू, अशी एक मालिका सुरू व्हायची होती. नातवाचे कपडे शिवून तयार झाले, आणि ऐन वेळी नातू होणाऱ्या मुलाला गालगुंड झालं. चेहऱ्याचा पार भोपळा. मामा, म्हणजे दिग्दर्शक (त्यांना सगळा स्टुडिओच मामा म्हणायचा), डोक्याला हात लावून कपडेपटात येऊन बसले. तेवढ्यात मशीनखालून शीळ आली. पडलेल्या दातांतून शीळ घालायचा नवा शोध पोरीला त्याच आठवड्यात लागला होता.

एका आठवड्याचाच तर प्रश्न आहे, मामा म्हणाले. शर्ट अंगाला बरोबर बसला. राहिल्या वेण्या. त्या आईनंच कापल्या, तिथल्या तिथे, कापडाच्या कात्रीनं. शिवणकाम करणारं माणूस आपली कापडाची कात्री दुसऱ्या कशालाही लावत नाही, धार जाते. कुणी त्या कात्रीनं साधा कागद कापला तर ही बाई घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी मात्र तिनं त्याच कात्रीनं वेण्या कापल्या. कपडे धोब्याकडे जायचे, म्हणून कॉलरच्या आत कलाकाराचं नाव घालायचा नियम होता. तिथं तिनं मामांनी ठरवलेलं मुलाचं खोटं नाव टाचलं. प्रत्येक भागाच्या शेवटी नावांच्या पाट्यांवर झळकलंही तेच.

आठवड्याची सहा वर्षं झाली. लुडबुड्या घराघरांत पोचला. बोलायच्या आधी शर्टाच्या खिशात दोन बोटं घालायची, क्षणभर थांबायचं, मग मोठ्या माणसाला गार करणारं वाक्य टाकायचं, ही त्याची लकब. गल्लीगल्लीतली पोरं खिशात दोन बोटं घालून आईबापांना उलट बोलू लागली. हा मुलगा नसून मुलगी आहे असा बोभाटा झाला तर मालिका बसेल, म्हणून पोरीनं तोंडावर बोट ठेवलं. शाळेत सांगितलं होतं, उवा झाल्या म्हणून केस कापले. आता सहा वर्षं उवा जात नाहीत म्हटल्यावर शेजारी कोण बसणार? एकच मैत्रीण बसायची, आणि ती लुडबुड्याच्या प्रेमात आकंठ बुडालेली. मधल्या सुट्टीत ती लुडबुड्याचे गोडवे गायची आणि मग हिच्याकडे बघून उसासा टाकायची, की तुला नाही कळायचं ते. पोरीला स्वतःचाच हेवा वाटे.

आई शर्ट सैल शिवत गेली, मग आणखी सैल. शेवटी एक दिवस तिनं मामांना जाऊन सांगितलं, "आता या शर्टात माझी मुलगी मावत नाही." मामा समजले. लुडबुड्याला शिकायला परगावी पाठवून मालिका संपवली. आजोबा झालेल्या म्हाताऱ्या नटानं निरोपाच्या प्रसंगात तिला पोटाशी धरलं ते सोडलंच नाही, तेवढं मात्र खरं होतं.

पुढे मुलींच्या भूमिकांसाठी तिनं पायऱ्या झिजवल्या. कुणी म्हणालं हिला मुलीसारखं चालता येत नाही, कुणी म्हणालं चेहरा कुठंतरी पाहिलाय पण आठवत नाही. मी लुडबुड्या होते असं एकदा तिनं सांगूनही पाहिलं, तर लोक हसले. मग रंगपटात नटांचे केसांचे टोप विंचरता विंचरता ती केस कापायला शिकली आणि हात बसला. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, शीळ घालून दाखव. संसार तिथंच मार्गी लागला.

इतक्या वर्षांनी चॅनेलनं ती मालिका पुन्हा लावली. आई आता दुकानामागच्या खोलीत लेकीकडेच राहत होती. हात थरथरायचे, सुईचं भोक दिसत नव्हतं. तिनं एकही भाग चुकवला नाही. आणि एके दिवशी ध्यानीमनी नसताना चॅनेलवर लुडबुड्या अवतरला. पन्नाशीचा, मिशाळ, सुटलेल्या पोटाचा गृहस्थ. तो लुडबुड्या मीच, असं म्हणत तो छानपैकी जुन्या आठवणी सांगत होता. प्रत्येक वाक्याआधी खिशात दोन बोटं घालत होता आणि लोक टाळ्या पिटत होते.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा! मावशीला मात्र हसू आवरेना. बघ तरी, म्हणाली, किती खूश आहे बिचारा. आई म्हणाली, फोन कर, आत्ता कर, सांग त्यांना कोण होतं ते. मावशी नाही म्हणाली. तिची गिऱ्हाइकं, तिची शीळ, तिचं शांत दुकान, सगळं बरं चाललं होतं. आईनं अबोला धरला. जेवायला बोलावलं तर भूक नाही, औषध दिलं तर ठेव तिथं. म्हातारपणी माणसाला मिरवायची हौस येते, असं मावशीला वाटलं आणि तिचा थोडा रागही आला.

सुट्टीच्या दिवशी मावशी आईचे केस कापायची, ते मात्र आईनं नाकारलं नाही. दुकान बंद, दोघीच. पांढरे मऊ केस मानेवर ओले करून मावशीनं कात्री उचलली. आई आरशातल्या लेकीकडे बघत होती.

"तुझे केस मी कापले," आई म्हणाली. "नावही मीच काढून घेतलं. मला मिरवायचं नाही गं. एकदा, फक्त एकदा कुणीतरी तुझं नाव घेऊन म्हणावं, की ती ही. म्हणजे मी सुटले. आता तो मिशाळ्या ते पण घेऊन चाललाय."

मावशीचा हात थांबला. इतके दिवस म्हातारी काय उराशी धरून बसली होती आणि आपण काय समजत होतो, याची तिला लाज वाटली. ती खुर्चीसमोर येऊन आईच्या पायाशी बसली, अगदी मशीनच्या पायाशी बसायची तशी.

"आई, मी बोलायच्या आधी खिशात बोटं का घालायचे?"

"मामांनी शिकवलं असेल."

"मामांनी मलाच विचारलं होतं, हे कुठून काढलंस. मी सांगितलं नाही. कॉलरला ते खोटं नाव होतं. खिशात आतून काय होतं?"

आईनं तोंडावर हात ठेवला. प्रत्येक शर्टाच्या खिशाला, आतल्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही असं तिनं लाल दोऱ्यानं लेकीचं खरं नाव घातलं होतं. एकही शर्ट सोडला नव्हता. आणि हे आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, असं ती आजवर धरून चालली होती.

"तुला माहीत होतं?"

"बोटांना लागायचं ना. मला भीती वाटायची, त्याच्या नावाच्या हाका ऐकून ऐकून माझं नाव मलाच विसरायला होईल. म्हणून आधी चाचपायचे. आहे जागेवर, असं कळलं की खुशाल लुडबुड्या व्हायचे." तिनं आईचे हात धरले. "तू काही काढून घेतलं नाहीस, आई. तूच तर ठेवलं होतंस."

आई रडली. बराच वेळ, मोठ्यानं, खांद्यावरच्या कापडानं नाक पुसत रडली. मावशीनं तिला रडू दिलं, शीळ घातली नाही. मग आई म्हणाली, अर्धवट कापलेत, एक बाजू लांब राहिली, ते आधी नीट कर. ते झाल्यावर मावशीच्या कामाच्या एप्रनकडे बोट करून म्हणाली, "याला खिसा आहे ना? सुईत दोरा ओवून दे. लाल."

नाव वाकडंतिकडं आलं. एक अक्षर तर उसवून पुन्हा घालावं लागलं. मावशी आता तोच एप्रन बांधते. धुवायला टाकला तर ओला असतानाच बांधते.

तो गृहस्थ पुढे आणखी एकदा टीव्हीवर आला. लोकांनी टाळ्या पिटल्या, त्यानं ऐटीत खिशात दोन बोटं घातली. मावशीनं घाबरून आईकडे पाहिलं. आई शांतपणे चहा पीत होती.

"बिचारा," ती म्हणाली. "खिसा रिकामा आहे त्याचा."