पुतळाबाईच्या अंगात कोण आलं

पुतळाबाईला पहिल्यांदा तसं झालं ते औरंगपुऱ्यात, रिक्षात बसल्या बसल्या. शेजारी सून योगिनी, दोघींच्या मधी भाजीची पिशवी. रिक्षा गर्दीत तटली, मागून हॉर्न वाजायला लागले, आन् लांडग्याचा वास आल्यावर मेंढरं कशी एकमेकांच्या अंगावर चढतात, तसं काहीतरी पुतळाबाईच्या छातीत सुरू झालं. श्वास वर जाईना की खाली येईना. हातापायाला मुंग्या, अंगावर घामाचे पाट, आन् डोक्यात एकच: मेले आता. तिनं सुनेचा दंड असा आवळला की योगिनीच बोंबलली.

जरा वेळानं ओसरलं. पुतळाबाईनं पदर सारखा केला आन् म्हणाली, "वारं आलं गं."

"रिक्षात?" योगिनी म्हणाली. "देवाला दुसरी जागा नाय भेटली का, आत्या?"

"जिथं माणूस तिथं देव."

पण आतून बाई खूश झाली. वाड्यावरच्या बिरोबानं बोलावलंय. म्हंजे आता वाड्यावर जायला मिळणार.

धनगराचा वाडा दगडामातीचा नसतो, तो पायांवर चालतो. मेंढरं, घोडी, कुत्री, चार बिऱ्हाडं. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. पुतळाबाई जन्मली असल्याच वाड्यावर, गंगापूरच्या अंगाला, आन् मुंजाबाशी लगीन लागलं तेबी असल्याच वाड्यात गेली. गड्यांनी मेंढरं चारत यायचं, बाईनं घोडीवर बिऱ्हाड लादून म्होरं जायचं आन् नव्या रानात चूल मांडायची. आपली मेंढरं ज्या रानात बसली तिथं लेंडीखतानं पुढच्या साली पीक जोरात येतं, ही तिची मिजास. कुणाच्या हिरव्यागार कपाशीकडं बघून ती म्हणायची, "ही मपली हाय." सातबारा कुणाच्या का नावावर असंना.

उन्हाळ्यात तिच्या बरगडीवर नागीण उठली. पुरळ पाठीकडून पोटाकडं सरकायला लागलं. तोंडाला शेपूट भिडलं की माणूस जातं, असं म्हणतात, म्हणून मुंजाबानं गेरू लावला. गेरूनं काय होईना, तवा लेक अंगद तिला जीपमधी घालून संभाजीनगरला घेऊन आला. अंगद गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, कंपनीत कामाला जातो. दवाखाना झाला, पुरळ सुकलं, पण आग राहिली. लुगड्याचा काठ लागला तरी विस्तू ठेवल्यागत. डॉक्टर म्हणाले, पुरळ गेलं तरी नस चिडलेली राहते. त्यांनी नसेच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. आग जराशी दबली, आन् गोळ्यांपायी पुतळाबाई शहरात अडकली.

छळ म्हणावा तर कुणाचा नव्हता. सून गुणाची, लेक सरळ. पण करायला काय नाय. पहाटे जाग यायची ती घोडी लादायच्या वेळेला, आन् उठून बघावं तर लादायला उशी. गॅलरीत उभी राहून ती वारं हुंगायची. कुणाच्यातरी फोडणीचा नायतर पेट्रोलचा वास यायचा. मेंढराचा, मुताचा, ओल्या घोंगडीचा जो वास आला की शहरातली माणसं नाकाला रुमाल लावतात, त्या वासासाठी बाईचा जीव तुटायचा.

पण "मला घेऊन जा" असं ती कधी म्हणाली नाय. वाड्यावर दुखणाईत माणूस म्हंजे वझं. ज्याच्यानं चालवत नाय त्याच्यासाठी मेंढरं थांबत नाहीत. शिवाय आजवर तिनं नवऱ्याजवळ तोंडानं काय मागितलंच नव्हतं. देव म्हणला तर गोष्ट निराळी. देवाचा हुकूम मोडायची कुणाची टाप हाय?

तसं व्हायचं वाढलं. कधी जेवताना, कधी निस्तं बसल्या जागी. आन् ह्या घराण्याची रीत अशी की बिरोबाचं वारं भाईरच्या माणसाला सांगायचं नाय. सांगितलं की देव रुसतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" तवा पुतळाबाई म्हणाली, "काय नाय." अंगद कंपनीत लाखाची मशीन चालवतो, पण देवापुढं तोबी गप. आग अजून हाय म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोळी वाढली आन् वारंबी वाढलं.

मंग गावाकडून रामहरी आला. हा मुंजाबाचा धाकटा भाऊ, वाड्याचा भगत. हॉलमधी घोंगडी आंथरली, भंडाऱ्याची पिशवी सोडली. ढोल काय वाजवता येईना, खालचे लोक भांडायला आले असते. पुतळाबाई घोंगडीवर बसली आन् वाट बघता बघताच छातीत सुरू झालं. रामहरीनं कपाळाला भंडारा फासला.

"बोल देवा, काय पायजे? कामून झाडाला त्रास द्यायलास?"

ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात. झाड थरथरत होतं. अंगद हात जोडून, योगिनी दाराला टेकून. एक शब्द बोलायचा अवकाश. 'वाड्यावर ने' एवढं म्हणलं की उद्याच जीप. शब्द जिभेवर आलाबी होता.

पण तिला सासू आठवली. द्वारकाबाईच्या अंगात यायचं तवा म्हातारी केस सोडून अशी उभी राहायची की पाटलालाबी अरे-तुरे करायची. कुत्री मागं सरायची. वारं गेलं की तांब्याभर पाणी पिऊन भाकर मागायची. आन् आपण? आपण वघळीत पडलेल्या कोकरागत कापायलो.

"देव नाय, भावजी," पुतळाबाई म्हणाली. "मला भ्या वाटायलंय. निस्तं भ्या. देव अंगात आल्यावर माणूस भीत नसतंय."

रामहरीचा हात थांबला. "वैनी, नीट बघा. देवाला खोटं पाडू नका."

"त्याच्या नावानं खोटं बोलायचं नाय, म्हणून तर सांगायली."

रामहरीनं भंडाऱ्याचा हात पुसला. मंग पिशवीचं तोंड बांधत म्हणाला, "अंगद, दवाखान्यात सांग बाबा सगळं. हे मपलं काम नाय. आन् योगिनी, च्या ठेव."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. कधीपासून, किती वेळ, छातीत दुखतं का. योगिनीला आठवलं, गोळ्या सुरू झाल्यावरच रिक्षातलं ते झालं होतं.

"काही जणांना ह्या गोळीनं अशी भीती दाटून येते," डॉक्टर म्हणाले. "गोळीचंच आहे असं आज छातीठोक सांगत नाही. ईसीजी काढू. पण घरी जाऊन गोळी एकदम बंद करू नका, त्यानं आणखी त्रास होतो. मी सांगतो तशी हळूहळू उतरवायची. मावशी, आधी का नाही सांगितलं?"

"देवाचं वाटलं."

"मग इथून पुढं देवाचंबी सांगत जा."

ईसीजी चांगला निघाला. गोळी उतरत गेली तसं भ्याबी पांगत गेलं आन् दिवाळी सरता सरता थांबलं. "सुटलीस, माय," अंगद म्हणाला. ती "व्हय" म्हणाली. पण भ्या गेलं त्याच्यासंगं देवाचं बोलावणंबी गेलं, हे कुणाला सांगायचं? मरणाची भीती सोसत होती तवा निदान कुणीतरी हाक मारायलंय असं वाटायचं.

मुंजाबाचा फोन आला.

"रामहरी म्हणला, देव नव्हता."

"नव्हता. कुठं मुक्काम हाय?"

"कायगावाजवळ. उद्या गंगा वलांडायची."

गंगा म्हंजे गोदा. पुलापलीकडं गेलेला वाडा पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "मला यायचंय."

"देव म्हणायलाय का?"

"नाय. मी म्हणायली."



"आग हाय का अजून?"

"हाय."

"घोडी लादता यील?"

पुतळाबाईनं गॅलरीत उभ्या उभ्या हात वर केला, घोडीच्या पाठीवर वझं टाकायला करतात तेवढा. बरगडीतून जाळ निघाला.

"नाय," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? यायचंय, एवढं सांगितलं."

"मला वाटलं, तू तिकडंच रमलीस," मुंजाबा म्हणाला. "आग इझू दे. अंगद आणून सोडल. वाडा कुठंबी असू दे."

"कुठंबी म्हंजे कुठं?"

"ते मला तरी कुठं मालूम?"

पुतळाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "उद्या पुलावर काळ्या घोडीला मधून न्या. कठड्याकडून पाणी दिसलं की बिचकती ती. दरसाली मीच नेती तिला."

"व्हय," मुंजाबा म्हणाला. "औंदा मी नेतो."