मास्तरणीची जागा

काडीला नोकरी मिळाली ती दुसरीच्या तापामुळे. हे तिला एकटीलाच ठाऊक होतं आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

अंगाने काडी, उंचीने खांब, विद्यापीठात पहिलं वर्ष. खोलीत तिची जोडीदारीण मास्तरीण. कोणी काही चुकीचं बोललं की तिथल्या तिथे दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नसे, म्हणून मास्तरीण. दोन पलंग, एक खिडकी, एक टेबल. त्या टेबलावर सकाळी एकीची वही, संध्याकाळी दुसरीची. दोघींच्या घरून त्या वर्षी सारखंच सांगणं आलं होतं: हात जरा आखडता आहे, तुमचं तुम्ही थोडं बघा.

दोघी मिळून काम शोधू लागल्या. पुस्तकांच्या दुकानात पूर्ण दिवस थांबणारी मुलगी हवी होती. कॅन्टीनवाल्याला अनुभव हवा होता. कप विसळायला कसला अनुभव लागतो, असं मास्तरणीने त्याला सरळ विचारलं आणि तीही वाट बंद केली. काडी बाहेर पायरीवर बसून पोट धरून हसली होती. ते दिवस चांगले होते.

लॉन्ड्रीतली जागा मास्तरणीनेच शोधली. तिची मावसबहीण पूर्वी तिथे होती. दुपारी दोन ते सहा. कपडे घ्यायचे, नंबरचे बिल्ले टाचायचे, खिसे तपासायचे, धुऊन आलेल्यांच्या घड्या घालायच्या. मालकीणबाईंनी सोमवारी अकराला बोलावलं होतं. बहिणीने तिथली एक आतली गोष्टही सांगून ठेवली होती. बाई नव्या मुलीपुढे कपड्यांचा ढीग टाकतात आणि एका खिशात मुद्दाम चिठ्ठी ठेवतात. जी ती उघडून बघते तिला चहा पाजून घरी पाठवतात. चिठ्ठी न उघडता पाकिटात घालायची आणि वर बिल्ल्याचा नंबर लिहायचा. मास्तरणीने हे काडीला रंगवून रंगवून सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी मास्तरीण तापाने फणफणली. उठायला गेली आणि पलंगाचा कठडा धरून खाली बसली. दुकानातला फोन यंत्रांच्या घरघरीत कोणी उचलेना. शेवटी ती काडीला म्हणाली, "तू जाऊन एवढा निरोप दे. उद्या येते म्हणावं. नक्की येते."

काडी निघाली तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं. हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

दुकानात वाफ कोंदली होती. मालकीणबाईंचा चष्मा कपाळावर आणि टाचण्या तोंडात. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि एक ढीग तिच्याकडे सरकवला. काडीने तोंड उघडलं. निरोप अगदी जिभेवर होता. पण कपडे समोर आले आणि हात कामाला लागले. तिसऱ्या कोटाच्या आतल्या खिशात चार घड्यांचा कागद लागला. तिने तो तसाच पाकिटात घातला आणि वर नंबर लिहिला.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. घरचं वळण दिसतं, म्हणाल्या. इतकी प्रामाणिक मुलगी कित्येक महिन्यांत दारात आली नव्हती. कोपऱ्यातले इस्तरीवाले काका म्हणाले, बारा वर्षं झाली, मला कधी असं म्हटलं नाहीत. सगळे हसले. काडीही हसली.

मग बाईंनी विचारलं, "आमच्या जुन्या मुलीची बहीण ना तू?"

अजूनही वेळ गेली नव्हती. काडी म्हणाली, "नाही. मी अशीच आले. काम आहे का विचारायला."

"म्हणजे ती आलीच नाही. बरं झालं," बाई म्हणाल्या. "उद्या दोनला ये."

खोलीवर येऊन तिने सांगितलं की जागा भरली. शब्द खोटा नव्हता. मास्तरीण नुसती "असू दे" म्हणाली आणि कुशीवर वळली. काडीने गोळ्या आणल्या, पेज केली, कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या. एवढी सेवा तिने जन्मात आईचीही केली नव्हती.

त्यानंतर रोज दुपारी ती ग्रंथालयात जाते असं सांगून बाहेर पडे. काम तिला जमलं. फार चांगलं जमलं. सदऱ्याची घडी ती चार हालचालींत घालू लागली. बाईंनी गल्ल्याची किल्ली तिच्याकडे दिली. काका तिला प्रामाणिकबाई म्हणू लागले. "प्रामाणिकबाई, जरा पाणी शिंपडा," "प्रामाणिकबाई, चहा आला." ते मायेनेच म्हणत. तिला दर वेळी कानाखाली बसल्यासारखं होई. परत येताना ती विद्यापीठाच्या नळावर कोपरापर्यंत हात धुई, साबणाचा वास जावा म्हणून. मास्तरीण अजून काम शोधत होती. हल्ली ती कोणाला दुरुस्त करत नसे. काडीला वाटे, ताप उतरल्यावरचा अशक्तपणा असेल.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी दुकानाचं दार उघडलं आणि मास्तरीण आत आली. पुन्हा एखादी जागा निघाली का, हे विचारायला.

काडीच्या हातात चादर होती. ती तशीच धरून राहिली.

मास्तरणीने तिच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे वळून आपण कोणाची बहीण ते सांगितलं. बाई फटकळच. म्हणाल्या, "आता उगवलीस होय? त्या दिवशी तुझी वाट पाहिली. यायचं नव्हतं तर निरोप तरी पाठवायचास. ही बघ, हिला कोणी बोलावलंही नव्हतं, तरी वेळेवर दारात उभी."

इस्तरी थांबली. काडीला वाटलं, आता मास्तरीण बोलेल. बोलावं, असंही वाटलं.

"ताप होता," मास्तरीण म्हणाली. "निरोप द्यायला कोणी नव्हतं. चुकलं माझं."

आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

काडीने चादरीची घडी पुरी केली. मग ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि निरोप आपल्याकडेच दिला होता, हे सांगितलं. चिठ्ठीची गोष्ट आधीच ठाऊक होती, हेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. काकांनी मान वर केली नाही.

"मला काय सांगतेस?" बाई म्हणाल्या. "इथे कापड जळलं तर ज्याने जाळलं तोच ते गिऱ्हाइकाच्या घरी घेऊन जातो. दुसऱ्याच्या हाती पाठवत नाही. जा."

साडेचार वाजले होते. मास्तरीण पलंगावर बसून चपलेचा पट्टा दोऱ्याने शिवत होती. काडीने दारातच सगळं सांगून टाकलं. उद्यापासून तू जा, मी सोडते, असंही म्हणाली.

मास्तरणीने दोरा दातांनी तोडला.

"तीन आठवडे मी स्वतःला शिव्या देतेय," ती म्हणाली. "एक दिवस कळ काढली असती, तशीच फरफटत गेले असते तर जागा मिळाली असती म्हणून. तू समोर बसून ऐकत होतीस. समजूत घालत होतीस."

मास्तरणीने चप्पल पायात घालून पाहिली.

"काम जमतं तुला?"

"जमतं."

"मग कर. मला नको ते. आणि थोडे दिवस माझ्याशी बोलू नकोस. किती दिवस ते मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी काडी कामावर गेली तेव्हा बाईंनी गल्ल्याची किल्ली मागून घेतली आणि कपड्यांचा ढीग पुढे सरकवला. काका तिला आता काहीच म्हणत नाहीत. पुढच्या महिन्यात मास्तरणीला एका दवाखान्यात नावं लिहून घ्यायचं काम मिळालं. काडीला ते शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून कळलं. टेबल अजूनही सकाळी एकीचं, संध्याकाळी दुसरीचं असतं. काडी तोंडातून अवाक्षर काढत नाही. किती दिवस, ते मास्तरणीने अजून सांगितलेलं नाही.