तिळाची बदली

निवृत्त सुभेदारांच्या चेहऱ्यावर कोड पसरलं आणि हनुवटीवरचा काळा तीळ त्यात गडप झाला. नव्या ओळखपत्रासाठी ते कचेरीत गेले, तर कारकून जुन्या कागदात नाक खुपसून म्हणाला, "ओळखीची खूण, हनुवटीवर तीळ. कुठंय?"

"बदली झाली त्याची," सुभेदार म्हणाले.

कारकुनाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. हसायलाही त्याला वरून लेखी हुकूम लागत असावा.

याच कचेरीच्या शेजारच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी आजारपणाच्या पेन्शनसाठी सरकारी डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं. "ताणानं कोड वाढतं, टेन्शन घेऊ नका," असा फुकटचा सल्लाही दिला होता. घेऊ नका म्हणे! जसं काही सुभेदार पिशवी घेऊन टेन्शन आणायला बाजारात जात होते. वीस वर्षं या माणसानं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधले. अजूनही रस्त्यात उकरलेली माती दिसली की ते लांबून वळसा घालतात आणि बायको दबक्या आवाजात म्हणते, "अहो, सरळ चाला, लोक बघतात."

"हे नोकरीतच लागलंय, तेवढं लिहा," असं त्यांनी सांगितल्यावर डॉक्टरांनी शेरा मारला होता: 'डाग किरकोळ. नोंद घेण्याजोगे नाहीत.'

आता कारकुनानं तीळ खोडला, त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'ओळखीची खूण: चेहऱ्यावर ठळक पांढरे डाग.'

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं.

"झाली एकदाची नोंद," ते म्हणाले. "आता शिक्का जरा जोरात मारा. शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ दे."